मेंढ्या, दंव आणि काचेची बाटली: टॅब्लास क्रीकचं प्रकरण

पर्यावरणाचं आपण किती भान ठेवतो हे सांगताना बहुतेक वायनऱ्या एक यादी पुढे करतात. सेंद्रिय प्रमाणपत्र, सौर पॅनेल, मेंढ्या, कंपोस्ट, घुबडांसाठी पेट्या. यादी वाचणाऱ्याला वाटतं की यातली प्रत्येक गोष्ट दुसरीला पूरक आहे आणि जितक्या जास्त तितकं बरं. शेतात तसं होत नाही. एका पद्धतीने पाणी वाचतं, पण जमीन उकरावी लागते. दुसरीने माती सांभाळली जाते, पण दंवाचा धोका वाढतो. कॅलिफोर्नियात पासो रोब्लेसजवळ टॅब्लास क्रीक नावाची कौटुंबिक वायनरी आहे. तिच्याकडे यादीतलं जवळजवळ सगळं आहे, आणि म्हणूनच या पद्धतींची आपापसातली भांडणंही तिथे स्पष्ट दिसतात. हे प्रकरण निवडलं ते त्या भांडणांसाठी.

दोन कुटुंबं आणि एक जमीन

रॉबर्ट हास हे अमेरिकेतले वाइनचे आयातदार. दक्षिण फ्रान्समधल्या शातोनफ-दु-पाप भागातल्या शातो द बोकास्तेलची, म्हणजे पेरँ कुटुंबाची वाइन ते अमेरिकेत विकत. झाक पेरँ यांनी बोकास्तेलची बाग 1950च्या दशकातच रसायनांपासून दूर नेली होती. सेंद्रिय असण्याचा बाजारात काडीचाही फायदा नव्हता तेव्हाची ही गोष्ट. पुढच्या पिढीतले पेरँ बंधू आणि हास यांनी मिळून 1989 मध्ये पासो रोब्लेसच्या पश्चिमेला 120 एकर जमीन घेतली. चुनखडीची जमीन, कोरडा उन्हाळा, दिवसा कडक ऊन आणि रात्री समुद्राकडून येणारा गारवा. जमिनीतून वाहणाऱ्या हंगामी ओढ्याचं नाव बागेला मिळालं.

सुरुवात मात्र रखडत झाली. त्यांना बोकास्तेलच्याच वेलींच्या काड्या हव्या होत्या. परदेशी काडी थेट जमिनीत लावता येत नाही. ती न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या सरकारी केंद्रात विलगीकरणात गेली आणि विषाणूंच्या तपासणीत तीन वर्षं निघून गेली. त्यानंतर स्वतःची रोपवाटिका, कलमं, आणि 1994 मध्ये लागवड. बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या पैशावर हे चाललं असतं तर दुसऱ्याच वर्षी कुणीतरी विचारलं असतं की इथल्या रोपवाटिकेतली रोपं का नाही लावत? वाट पाहण्याची ऐपत आणि तयारी ही कौटुंबिक मालकीची खरी जमेची बाजू. बाकी ‘कुटुंबाचा वारसा’ वगैरे लेबलवर लिहायला ठीक आहे.

2003 मध्ये सेंद्रिय प्रमाणपत्र मिळालं. 2011 मध्ये शेजारची 150 एकर जमीन घेतली. 2017 मध्ये बायोडायनॅमिक, म्हणजे स्वतःचे ठरावीक विधी असलेल्या सेंद्रिय पद्धतीचं प्रमाणपत्र आलं. रॉबर्ट हास 2018 मध्ये वारले, तोवर कारभार मुलगा जेसन हास यांच्याकडे आलेला होता. 2020 मध्ये रीजनरेटिव्ह ऑरगॅनिक, म्हणजे पुनरुज्जीवी सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र मिळवणारी टॅब्लास क्रीक ही पहिली वायनरी ठरली. सनावळी इथेच संपवू.

पाणी वाचवायचं की माती हलवायची नाही

या भागात पाऊस हिवाळ्यात पडतो. नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत जो काय पडेल तो, त्यानंतर वेल फुटून घड तोडणीला येईपर्यंत आभाळ कोरडंच. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक बागांचं उत्तर ठिबक. टॅब्लास क्रीकमध्येही सुरुवातीच्या प्लॉटना ठिबकच्या नळ्या आणि तारांचे ताण आहेत. पण पुढच्या लागवडी त्यांनी वेगळ्या विचाराने केल्या. एक वेल आणि दुसरी वेल यांत चारही बाजूंनी बारा फुटांच्या आसपास अंतर, तार नाही, नळी नाही. वेल झुडपासारखी स्वतःच्या खोडावर उभी. बारा बाय बाराने हिशोब केला तर एकरी तीनशेच्या थोड्याच वर वेली बसतात. दाट लागवडीच्या बागेत हाच आकडा हजाराच्या पुढे जातो.

कोरडवाहू द्राक्षाचं गणित साधं आहे. पावसाचं पाणी ठरलेलं, वाटेकरी कमी करा. रोपं लहान असताना एक-दोन वर्षं पाणी द्यावं लागतं, पुढे मुळं स्वतः खाली जातात. ठिबकखाली वाढलेली वेल नळीखालच्या ओल्या पट्ट्यात मुळं गोळा करून बसते, तिला खोल जायचं कारणच नसतं. खालचा चुनखडीयुक्त चिकणमातीचा थर हिवाळ्यातलं पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळाभर हळूहळू सोडतो. जमीन अशी नसती तर एवढ्या पावसावर हा प्रयोग फसला असता. त्यामुळे ‘आम्हीही पाणी बंद करतो’ म्हणणाऱ्याने आधी खड्डा खणून खालचा थर बघावा.

पासो रोब्लेस परिसरात हा प्रश्न केवळ तत्त्वाचा राहिलेला नाही. शहराच्या पूर्वेकडच्या मोठ्या भूजल खोऱ्यातली पातळी इतकी उतरली की 2013 मध्ये काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाला नव्या उपशावर तातडीचे निर्बंध आणावे लागले आणि पुढच्याच वर्षी राज्याने भूजलाचा कायदा केला. 2012 ते 2016 या दुष्काळात ज्यांच्या वेली नळीवर वाढल्या होत्या त्यांची धावपळ झाली.

आता पहिलं भांडण. कोरडवाहू बागेत वसंतात जमीन वखरावी लागते, निदान परंपरा तशी. हिवाळ्यातल्या पावसावर उगवलेलं गवत आणि जमीन झाकायला पेरलेलं आच्छादन पीक वेलीच्या वाट्याचं पाणी पितं, म्हणून ते वेळेवर जमिनीत गाडायचं. वरचा थर भुसभुशीत केला की खालच्या ओलाव्याची वर येण्याची वाट तुटते. शिवाय चौरस लागवडीत ट्रॅक्टर उभा-आडवा दोन्ही चालतो, म्हणजे तणनाशकाची गरजच पडत नाही. पण दुसरीकडे पुनरुज्जीवी शेतीचा, म्हणजे मातीचा कस परत आणू पाहणाऱ्या शेतीचा सगळा भर माती न हलवण्यावर आहे. वखर फिरला की मातीतल्या बुरशीचं जाळं तुटतं, सेंद्रिय कर्ब (कार्बन) हवेशी भिडून उडून जातो आणि उतारावरची माती पुढच्या पावसात वाहून जायला मोकळी होते. पाणी वाचवायचं तर वखर हवा, कर्ब वाचवायचा तर वखर नको.

टॅब्लास क्रीकने यावर एकच नियम सगळीकडे लावला नाही. काही पट्ट्यांत विना-मशागतीचे प्रयोग, काही ठिकाणी मर्यादित वखरणी, आणि जिथे जनावरं गवत कमी करू शकतील तिथे जनावरं. मला यातलं आवडतं ते हे की विना-मशागत हा धर्म मानलेला नाही. जमीन दरवर्षी किती ओली राहिली, वेलीची वाढ कुठे थांबली, हे बघून त्या त्या प्लॉटचा निर्णय होतो. प्रमाणपत्राच्या नियमातही मशागत ‘कमी करा’ असं आहे, ‘बंद करा’ असं नाही, आणि ते शहाणपणाचं आहे.

मेंढ्या कधी आत, कधी बाहेर

छायाचित्रांत सगळ्यात जास्त दिसतात त्या मेंढ्या. तोडणी आटोपल्यापासून वेलीचे डोळे, म्हणजे कोंब फुटेपर्यंत कळप बागेत बसवला जातो. तात्पुरत्या विजेच्या कुंपणाने छोटे वाडे पाडायचे, एका वाड्यातलं गवत खाऊन झालं की कळप पुढच्या वाड्यात. जागा झटपट बदलत राहणं महत्त्वाचं. मेंढ्या एकाच ठिकाणी राहिल्या तर गोड गवत मुळापर्यंत खातात आणि कडू तसंच ठेवतात; दाटीवाटीने थोडा वेळ ठेवल्या तर निवडत बसत नाहीत, सगळं सारखं खातात, लेंड्या सारख्या पसरतात आणि गवताला पुन्हा वाढायला उसंत मिळते. डोंगरी सिंह (प्यूमा) आणि कोल्ह्यासारखे कोयोटी यांचा वावर असल्याने राखणीचे कुत्रे लागतात. कळपासाठी पूर्ण वेळ मेंढपाळ लागतो. म्हणजे ‘फुकटचं गवत कापणारं यंत्र’ हे वर्णन खोटं आहे. मेंढी खते देते आणि डिझेल वाचवते, पण पगारपत्रकात एक माणूस वाढवते.

पाऊस पडून जमीन चिखल झाली असेल तर कळप हलवावा लागतो, नाहीतर खुरांनी माती दाबली जाते आणि मग पाणी मुरतच नाही. हे एक झालं. दुसरी अडचण तांब्याची. मेंढीला तांबं सोसत नाही. गाय किंवा शेळी पचवील एवढ्या मात्रेने मेंढी मरू शकते. पावसाळी हवेतल्या सेंद्रिय बागा केवडा या बुरशीच्या रोगावर बोर्डो मिश्रणाच्या म्हणजे तांब्याच्याच भरवशावर असतात, आणि ते तांबं वर्षानुवर्षं जमिनीत साठतं. अशा बागेत कळप सोडायचा तर फवारणीच्या तारखा आणि गवतावरचा थर यांचा विचार करावाच लागतो. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात केवडा जवळजवळ नसतोच, मुख्य रोग भुरी, आणि तिच्यावर गंधक चालतं. टॅब्लास क्रीकच्या मेंढ्यांचं यश बरंचसं तिथल्या हवेचं आहे. ओल्या प्रदेशातल्या बागेने फोटो बघून कळप विकत घेऊ नये.

दुसरं भांडण दंवाचं. वसंतात डोळे फुटले की मेंढ्यांना बाहेर काढावंच लागतं, कारण कोवळी पालवी हे त्यांचं आवडतं खाणं. झुडूप पद्धतीच्या वेली तर त्यांच्या तोंडाच्या उंचीवरच असतात. पण नेमक्या याच आठवड्यांत हिवाळ्याच्या ओलीवर गवत सगळ्यात जोमाने वाढतं. आणि याच आठवड्यांत दंव पडतं. उंच गवत दिवसाचं ऊन जमिनीपर्यंत पोचू देत नाही, रात्री जमिनीतून वर येणारी ऊब अडवतं आणि सखल भागात थंड हवा धरून ठेवतं. उघड्या, ओलसर, दाबलेल्या जमिनीवर तापमान एखाद-दीड अंशाने जास्त राहतं, आणि पालवीसाठी तेवढा फरक जिवंत की काळी पडलेली हे ठरवायला पुरतो. एप्रिल 2009 आणि एप्रिल 2011 मध्ये या बागेने दंवाचा मोठा फटका खाल्ला आहे. एका रात्रीत वर्षाच्या पिकाचा मोठा वाटा जातो, आणि दुय्यम डोळ्यांतून जे फुटतं त्याला घड कमी.

म्हणून आच्छादन पिकाची उंची ही इथे सौंदर्याची नाही, तारखेची बाब आहे. सखल प्लॉट आधी चरून घ्यायचे, उतारावरचे नंतर. थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते, त्यामुळे वरच्या भागाला थोडी सवलत असते. कळप बाहेर पडल्यावर उरलेलं गवत यंत्राने कापायचं किंवा गाडायचं, म्हणजे पुन्हा ट्रॅक्टर आणि पुन्हा डिझेल. मेंढ्यांमुळे ट्रॅक्टर गेला नाही, त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हे वाक्य कोणत्याही माहितीपत्रकात छापलं जाणार नाही, पण खरं तेच आहे. आणि मेंढ्या रवंथ करताना मिथेन सोडतात, तेही हिशोबात धरायला हवं. कर्ब जमिनीत साठवण्याची गोष्ट सांगताना हा आकडा वहीच्या दुसऱ्या पानावर ठेवून चालत नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. उंदीरवर्गीय गोफर वेलीची मुळं खातात म्हणून घुबडांसाठी पेट्या लावल्या आहेत. पिंप आणि टाक्या धुण्याचं पाणी कृत्रिम पाणथळीत सोडून वनस्पतींकडून शुद्ध करून घेतलं जातं. चोथ्याचं कंपोस्ट होतं. छपरावर सौर पॅनेल आहेत. हे सगळं चांगलं आहे, फारसं वादाचं नाही, आणि पैसे असतील तर कुठेही करता येतं.

माणसांचा रकाना

रीजनरेटिव्ह ऑरगॅनिक प्रमाणपत्रामागे रोडेल इन्स्टिट्यूट ही सेंद्रिय शेतीची संशोधन संस्था, डॉक्टर ब्रॉनर्स ही साबणाची कंपनी आणि पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी यांनी उभी केलेली संस्था आहे. त्याचे तीन पाय: मातीचं आरोग्य, जनावरांची निगा, मजुरांना न्याय. आधीच्या दोन प्रमाणपत्रांत हा तिसरा रकानाच नव्हता. सेंद्रिय नियम मुख्यतः कोणतं औषध वापरलं नाही हे विचारतात. बायोडायनॅमिक पद्धतीत गाईच्या शिंगात शेण भरून पुरण्याला जागा आहे, पण छाटणी करणाऱ्याला काय मिळतं याला नाही. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षशेतीत बरंच काम कंत्राटदाराच्या टोळ्या करतात, आज इथे, उद्या दुसऱ्या बागेत. टॅब्लास क्रीकचा कल वर्षभर कामावर असलेल्या स्वतःच्या माणसांकडे आहे. याचा संबंध शेतीशी थेट आहे: ज्या प्लॉटमध्ये मशागत करायची की नाही हे दरवर्षी वेगळं ठरतं, तिथे मागच्या वर्षी ओल कुठे टिकली हे आठवणारा माणूस लागतो. नव्या टोळीला ते सांगता येत नाही.

बाटली

आता पैशाच्या आणि कर्बाच्या हिशोबातला सगळ्यात मोठा भाग, जो बागेत कुठेच दिसत नाही.

वाइन इन्स्टिट्यूट या कॅलिफोर्नियातल्या वाइन उत्पादकांच्या संघटनेने 2011 मध्ये राज्यातल्या वाइनच्या कर्ब उत्सर्जनाचा हिशोब मांडला. द्राक्षबागेचा वाटा 34 टक्के, आणि एकट्या काचेच्या बाटलीचा 29 टक्के. वाहतुकीचे 13 टक्के वेगळे, आणि वाहतुकीतही वजन मुख्यतः काचेचंच. म्हणजे मेंढ्या, आच्छादन पीक, वखर यांवर वर्षानुवर्षं डोकं घालून जेवढं साधतं, त्याच्या तोडीचं काम बाटलीचा साचा बदलून होऊ शकतं.

जड बाटली नऊशे ग्रॅमपर्यंत भरते. आत वाइन साडेसातशे मिलिलिटर, म्हणजे तितक्याच ग्रॅमच्या आसपास. पेटीतल्या बारा बाटल्या उचलणारा माणूस वाइनपेक्षा जास्त काच उचलत असतो. या जाडीने वाइन चांगली राहते असं काही नाही. जड तळ, खोल खळगा, रुंद खांदे हे फक्त ‘महाग आहे’ असं सांगण्यासाठी. टॅब्लास क्रीकने 2010 च्या सुमारास आपल्या वाइन 470 ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या बाटलीत आणल्या. वरच्या दर्जाची वाइनही त्यातच. बाटलीमागे चारशे ग्रॅमच्या वर म्हणजे पेटीमागे पाच किलो काच भट्टीत वितळवावी लागली नाही, ट्रकवर चढली नाही. आणि ही बचत एकदा निर्णय घेतला की दरवर्षी आपोआप होते, पाऊस पडो न पडो.

इथे कशाशीच भांडण नव्हतं. हलकी बाटली स्वस्त, हाताळायला सोपी, भाडं कमी. आड येत होता तो मान. दुकानातल्या फळीवर शेजारची बाटली भारदस्त दिसेल, गिऱ्हाईक हातात घेऊन वजन जोखेल, ही भीती. गंमत म्हणजे जी गोष्ट करायला सर्वांत सोपी, तिलाच हा धंदा सर्वांत उशिरा हात घालतो. 2023 मध्ये मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी एकत्र येऊन न फसफसणाऱ्या वाइनच्या बाटलीचं सरासरी वजन 2026 च्या अखेरीपर्यंत 420 ग्रॅमच्या खाली आणण्याचा करार केला, तेव्हा कुठे हा विषय शेतकऱ्याच्या हौसेबाहेर आला.

फेब्रुवारी 2022 मध्ये जेसन हास यांनी आणखी एक पाऊल टाकलं. पातलँ द टॅब्लास मालिकेतली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, तीन लिटरच्या खोक्यात, आत पिशवी आणि नळ, किंमत 95 डॉलर. एक खोकं म्हणजे चार बाटल्या. त्यांच्या हिशोबाप्रमाणे चार बाटल्यांच्या तुलनेत वेष्टनाचा कर्ब 84 टक्क्यांनी कमी. अमेरिकेत खोक्यातली वाइन म्हणजे सर्वांत खालच्या फळीवरची, स्वस्तातली, असा पक्का ग्रह. 95 डॉलरचं खोकं दुकानात ठेवलं असतं तर पडून राहिलं असतं. त्यांनी ते आपल्या नेहमीच्या ग्राहकांना थेट कळवलं, कारण मेंढ्यांपासून दंवापर्यंतचं सगळं या मंडळींना आधीच ठाऊक होतं. खोकी काही तासांत संपली. पुढे त्याच मालिकेतल्या लाल आणि पांढऱ्या वाइनही खोक्यात आल्या.

म्हणून हे सगळ्यांनी करावं, असं मात्र म्हणता येत नाही. पिशवीच्या प्लास्टिकमधून प्राणवायू थोडाथोडा आत येतो. वर्षभरात प्यायच्या रोझेला ते चालतं. दहा-पंधरा वर्षं मुरवायच्या लाल वाइनला नाही. टॅब्लास क्रीकच्या प्रमुख लाल वाइन त्यामुळे काचेतच आहेत. शिवाय पिशवी आणि नळ यांचा पुनर्वापर खोक्याच्या पुठ्ठ्याइतका सोपा नाही. आणि ज्या वायनरीकडे थेट ग्राहकांची यादी नाही, सगळा माल वितरकामार्फत जातो, तिने 95 डॉलरचं खोकं कुणाला समजावून सांगायचं?

मुरवायच्या वाइनसाठी उरतो तो बाटली परत घेऊन, धुऊन पुन्हा भरण्याचा मार्ग. त्यासाठी अनेक वायनऱ्यांना एकच आकार मान्य करावा लागेल, जवळपास धुण्याचा कारखाना लागेल आणि निघून जाणारा डिंक असलेलं लेबल लागेल. कॅलिफोर्नियाने वाइनच्या बाटल्यांना अनामत योजनेत (रिकामी बाटली परत केली की तिच्यावर भरलेले पैसे परत) घेतलं ते 1 जानेवारी 2024 पासून, आणि त्या योजनेतही परत आलेली बाटली मुख्यतः फुटून पुन्हा भट्टीतच जाते. एखाद्या कुटुंबाला आपल्या बागेतला वखर थांबवता येतो. शेजारच्या शंभर वायनऱ्यांच्या बाटलीचा आकार त्याच्या हातात नाही.